द्रुतगती मार्गाचा टोल संपत का नाही?

बोरघाटाचा रस्ता 1830 मध्ये खुला झाला तेव्हा त्यावरही टोल होता, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खर्च निघूनही टोल का चालू आहे, या आजच्या वादासाठी इतकं मागे जायची गरज नाही. हा मार्ग आधी खासगी कंपनीकडून बांधून घ्यायचं ठरत होतं. सर्वांत कमी बोली 3,600 कोटींची आली. ती नाकारून 1996 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाने कर्ज काढून तेच काम निम्म्याहून कमी खर्चात केलं. 2002 मध्ये रस्ता पूर्ण झाला. कर्ज फेडायला टोल हवा, हे लोकांनाही पटत होतं.

घोळ झाला 2004 मध्ये. महामंडळ कर्जाखाली दबलेलं. त्यामुळे पंधरा वर्षं टोल गोळा करायचा हक्क, जुन्या महामार्गासकट, 918 कोटी आगाऊ घेऊन एका कंपनीला दिला. वर्षाला सहा टक्के, म्हणजे दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ आधीच अधिसूचनेत बांधलेली. गाड्या किती वाढतात याच्याशी तिचा संबंध नाही. पुढे माहिती अधिकारात वसुलीचे आकडे बाहेर आले, तेव्हा 'खर्च कधीच निघाला, आता बंद करा' ही मागणी सुरू झाली. कंपनीच्या बाजूने सांगितलं जातं की जोखीम तिची होती, वाहतूक घटली असती तर नुकसानही तिचंच. असेल, पण मुंबई-पुण्यादरम्यान वाहतूक घटेल अशी भीती 2004 मध्ये तरी कोणाला होती?

कंपनीचे पैसे आधी गुंतले की टोलमाफी फुकट राहत नाही, सरकारला तिला भरपाई द्यावी लागते. कोल्हापुरात सुमारे 220 कोटींच्या शहरांतर्गत रस्त्यांचा टोल आंदोलनामुळे 2015 च्या अखेरीस बंद झाला, तर भरपाई त्या खर्चाच्या दुपटीवर गेली. त्याच वर्षी 1 जूनपासून राज्यातले 12 नाके बंद झाले आणि 53 ठिकाणी कार-जीप व एसटीला सूट मिळाली. द्रुतगती मार्ग त्यात नव्हता.

2019 मध्ये तिथली मुदत संपली, टोल संपला नाही. 2020 मध्ये 8,262 कोटींना 2030 पर्यंतचा हक्क पुन्हा विकला गेला. एप्रिल 2023 पासून कारला एकेरी प्रवासाचे 320 रुपये पडू लागले. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, हलकी वाहनं टोलमुक्त झाली. तिथलंही कंत्राट 2026 पर्यंत आधीच विकलेलं होतं.