किंमत झाकून चाखलेली रेड वाइन

महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा चांगली लागते, असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. किंमत माहीत असेल तर ती खरोखरच चांगली लागते. २००८ साली कॅलिफोर्नियात हिल्के प्लासमन आणि अँटोनिओ रांगेल यांच्या गटाने २० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीने वाइनचे घोट दिले. ९० डॉलरची एक वाइन कधी ९० डॉलरची म्हणून दिली, तर कधी १० डॉलरची म्हणून. लोकांना ९० डॉलरवाली जास्त आवडली. हे एवढंच असतं तर लोक मोठेपणासाठी तसं सांगतात, असं म्हणता आलं असतं. पण मेंदूत डोळ्यांच्या खोबणीवरचा जो भाग सुखद अनुभवाची नोंद घेतो, तोही किंमत जास्त सांगितल्यावर अधिक सक्रिय झालेला दिसला. मूळ चव टिपणाऱ्या भागात मात्र फरक नव्हता. जिभेचा निरोप तोच होता, त्यातलं सुख किंमतीने वाढवलं होतं.

म्हणून ग्लासात नेमकं काय आहे हे कळायला हवं असेल, तर बाटली झाकावीच लागते. नागपुरात आम्ही मित्रमंडळी थंडीच्या दिवसांत धरमपेठेतल्या एका घरी जमून हे करतो. बाटल्या सगळ्या हजार रुपयांच्या आतल्या: नाशिक-दिंडोरीकडच्या शिराझ आणि कॅबर्ने या द्राक्षांच्या रेड वाइन, एखादी अकलूजची, एखादी कर्नाटकातली. एक जण आतल्या खोलीत बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, तोंडाशी रबर लावतो आणि स्केचपेनने अक्षरं घालतो. दुसरा येऊन ती अक्षरं झाकून नवे आकडे देतो. त्यामुळे ओतणाऱ्यालाही कुठली बाटली कोणती ते ठाऊक नसतं. हे फार महत्त्वाचं आहे. ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव समोरचा माणूस न कळत वाचत असतो.

रंगही तितकाच फसवतो. फ्रान्समध्ये बोर्दोला ५४ विद्यार्थ्यांना, तेही वाइनशास्त्राच्याच, व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला होता. तिचा वास सांगताना त्यांनी रेड वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ती मुलं अडाणी नव्हती. वास ओळखताना मेंदू डोळ्यांची साक्ष आधी काढतो, आणि त्यांच्या डोळ्यांनी लाल सांगितलं होतं. आमच्याकडे काळे ग्लास नाहीत, म्हणून ग्लासाभोवती कागद लावतो आणि दिवा मंद ठेवतो.

पहिला घोट घेतल्यावर बोलायचं नाही, हा नियम पाळणं सर्वांत अवघड. एकाने ‘काय बे, मिऱ्याचा वास येऊन राहिला ना!’ म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळ्यांना मिरं जाणवू लागतं. आता हे मिरं काल्पनिक नाही. शिराझ द्राक्षांच्या सालीत रोटंडोन नावाचं रसायन असतं, आणि काळ्या मिऱ्यातही तेच असतं. वाइनमधला त्याचा छडा ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी लावला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे सव्वासहा कोटीवा भाग असला तरी माणसाचं नाक ते ओळखू शकतं. पण त्याच चाचण्यांत पाचांतल्या साधारण एकाला रोटंडोनचा वास बरंच प्रमाण वाढवूनही आला नाही. टेबलाभोवती सहा जण बसले असतील तर त्यातला एखादा या वासापुरता जन्मतःच कोरा असू शकतो. त्याला मिरं जाणवलं नाही म्हणून त्याची जीभ कच्ची ठरत नाही. आणि इतरांचं ऐकून त्याने मिरं लिहिलं, तर आपल्या हातचा एक खरा पुरावा गेला.

तुरटपणाची गोष्ट वेगळी. तो चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे. द्राक्षाच्या सालीतली आणि बियांतली टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासू लागते. जांभळं खाल्ल्यावर होतं तेच. लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून तुरटपणा घोटागणिक साचत जातो आणि चौथ्या ग्लासातली सौम्य वाइनही कडक वाटू शकते. उपाय साधा आहे: प्रत्येकाला ग्लास वेगवेगळ्या क्रमाने द्यायचे, मध्ये पाणी आणि सुका पाव. सावजीचा रस्सा मात्र चाचणी संपल्यावरच. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या संवेदकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोल जास्त हळवं करतं. त्यामुळे तिखटावर वाइन घेतली की आग वाढते आणि वास कळेनासे होतात.

नागपूरकरांनी तापमानाकडे तर खास लक्ष द्यायला हवं. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा गरम वाइनमधून अल्कोहोल भराभर उडतं आणि नाकाला फळांच्या वासाआधी तेच झोंबतं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की फरक कळतो. पण जी बाटली उन्हाळाभर दुकानाच्या तापलेल्या फळीवर उभी होती, तिचं काही करता येत नाही. तिचा ताजा फळांचा वास गेलेला असतो आणि उरतो तो शिजवलेल्या मुरंब्यासारखा. एकाच लेबलच्या दोन बाटल्या वेगळ्या लागण्याचं हे एक खरंखुरं कारण आहे. म्हणून आम्ही हिवाळा निवडतो आणि सगळ्या बाटल्या एकाच दिवशी आणतो.

एवढं सगळं करूनही पहिल्याच फेरीला ‘कोणती आवडली?’ असं विचारण्याच्या मी विरोधात आहे. आधी फरक तरी कळतो का, ते पाहावं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली चहाच्या आठ कपांचं उदाहरण मांडलं. चार कपांत दूध आधी घातलेलं, चारांत नंतर. चाखणाऱ्या बाईने आधी दूध घातलेले चार कप ओळखून काढायचे. आठांतून चार निवडायच्या ७० रीती आहेत, म्हणजे निव्वळ नशिबाने सगळं बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक.

वाइनसाठी याहून सोपी रीत तीन ग्लासांची. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती तेवढं सांगायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून सहा जणांपैकी दोघांनी बरोबर सांगितलं तर त्यात काहीच विशेष नाही. चौघे किंवा जास्त बरोबर आले तर बरं वाटतं, पण तेही नुसत्या नशिबाने दहात एकदा घडतं. पाच किंवा सहाही जण बरोबर येण्याची नशिबाची शक्यता मात्र ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. चौघांवर थांबलो तर ग्लास पुन्हा भरून, क्रम बदलून आणखी एक फेरी घ्यायची. पाच जणांनी ओळखली, की मग कागद न काढता विचारायचं: या दोघींतली तुला कोणती आवडली?