घड्याळ नाडी मोजतंय की पावलं?

सकाळचं सावकाश जॉगिंग चाललंय, सोबत्याशी गप्पाही मारता येताहेत, आणि मनगटावरचं घड्याळ मात्र ठोके मिनिटाला 168 दाखवतंय. घाबरू नका. घड्याळाने बहुधा तुमची पावलं मोजली आहेत. धावताना पावलं मिनिटाला साधारण 150 ते 180 पडतात आणि जोराच्या व्यायामात हृदयाचे ठोकेही त्याच्याच आसपास असतात. गफलत होते ती इथेच.

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला त्वचेतलं रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. किंचित म्हणजे जेमतेम एक-दोन टक्के. हात हलला, घड्याळ जरा सरकलं, फटीतून ऊन आत शिरलं, तर त्याचा गोंधळ या बदलापेक्षा कितीतरी मोठा. शिवाय धावताना हा गोंधळ नाडीसारखाच ठेक्यात येतो.

म्हणून घड्याळातला हालचाल मोजणारा सेन्सर पावलांचा ठेका ओळखतो आणि तो प्रकाशाच्या नोंदीतून वजा केला जातो. पण हृदय नेमकं पावलांच्याच गतीने धडधडत असेल तर? मग वजाबाकीत खरी नाडीही पुसली जाते. यावर संशोधकांनी एक साधी गोष्ट वापरली: नाडी क्षणात 110 वरून 165 वर उडी मारत नाही, म्हणून आधीच्या आकड्याचा माग धरायचा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉयका’ या पद्धतीत ट्रेडमिलवर धावणाऱ्या 12 जणांच्या नोंदींत सरासरी चूक मिनिटाला 2.34 ठोके एवढीच निघाली. मात्र माग चुकीचा धरला गेला, तर घड्याळ तोच हट्टाने पुढे नेऊ शकतं.

तेव्हा सुरुवात नीट व्हायला हवी. निघण्याआधी दोन-तीन मिनिटं घड्याळाला स्थिर नाडी पकडू द्या. मनगटाच्या हाडावर नको, दोन बोटं वर बांधा. पट्टा सरकणार नाही इतका घट्ट, पण हाताला मुंग्या येतील इतका नाही. थंडीत त्वचेतलं रक्त कमी होतं, म्हणून आधी अंग गरम करून घ्या.

वजनं उचलताना मात्र मनगटाच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही. मूठ आवळली की तिथले स्नायू आणि शिरा ताणतात, आणि या हालचालीला धावण्यासारखा ठेकाही नसतो. तिथे छातीचा पट्टा बरा. तो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. फक्त बांधण्यापूर्वी त्याच्या पट्ट्या ओल्या कराव्या लागतात.

शंका आलीच तर थांबून लगेच बोटांनी नाडी बघा: 15 सेकंदांचे ठोके गुणिले चार. उशीर नको, थांबल्यावर नाडी भराभर उतरते. थांबायचं नसेल तर वेग तोच ठेवून अर्धा मिनिट पावलं आखूड आणि जलद टाका. घड्याळातला आकडाही तेवढाच वर गेला, तर ते पावलंच मोजतंय.