ग्रंथनिवड (सार्वजनिक ग्रंथालयांतील)

सार्वजनिक ग्रंथालयात कोणती पुस्तके घ्यायची, कोणती टाळायची आणि कोणती बाद करायची, हे ठरवण्याचे काम म्हणजे ग्रंथनिवड. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नाहीत. गावोगावच्या मंडळींनी संस्था काढून ती उभी केली. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अशा संस्थांना मान्यता आणि अनुदान देण्याची सोय केली, पण ग्रंथालय कर मात्र बसवला नाही. त्यामुळे पुस्तकखरेदीचा पैसा मुख्यतः अनुदान, वर्गणी आणि देणग्यांतून येतो.

पैसा जिथून येतो तिथली छाप निवडीवर पडतेच. अ, ब, क, ड या वर्गांपैकी ग्रंथालयाला कोणता मिळणार, हे ठरताना ग्रंथसंख्याही पाहिली जाते, आणि वर्गावर अनुदान अवलंबून. हाती पैसे उशिरा आले की मार्चअखेर घाईने खरेदी होते. मग भरघोस सवलत देणाऱ्या विक्रेत्याचे गठ्ठे येतात, दाखल नोंदवहीत (आलेल्या पुस्तकांच्या नोंदीच्या वहीत) क्रमांक चढतात आणि त्यातली कित्येक पुस्तके कपाटातून पुन्हा हलत नाहीत. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीचा आधार घेता येतो. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या (स्थापना १९७२) योजनांतूनही ग्रंथ मिळतात. मात्र आपल्या गावात काय वाचले जाते, हे कुठलीही यादी सांगत नाही.

ते देवघेवीच्या टेबलावर कळते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के दाटले असतील, तर आणखी एक प्रत घ्यावी. चिठ्ठी कोरी असेल, तर तेवढ्यावरून पुस्तक बाद करू नये. स्थानिक इतिहासाचा ग्रंथ दहा वर्षांत एकानेच मागितला, तरी त्या एकाला तो दुसरीकडे मिळत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१च्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे शेजारीशेजारी आहेत, ती याचसाठी.

निवडीचा अंतिम शब्द बहुधा कार्यकारी मंडळाचा किंवा त्याने नेमलेल्या ग्रंथनिवड समितीचा असतो. समितीत प्राध्यापक, वकील, निवृत्त शिक्षक असले की समीक्षा आणि चरित्रे वाढतात, बालविभाग उपाशी राहतो. अलीकडे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची मागणी इतकी आहे, की अभ्यासिका भरलेली आणि कथा-कादंबऱ्यांची खरेदी आखडलेली, असेही चित्र दिसते. वाचकांसाठी सूचना वही ठेवलेली असते; ती समितीच्या बैठकीत उघडली जाते की नाही, यावरून त्या ग्रंथालयाची बरीच पारख होते.