६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स (कोरियातील सेवा)

भारतीय लष्कराचे छत्रीधारी वैद्यकीय पथक. कोरियन युद्धात (१९५०–५३) भारताने लढाऊ फौज पाठवली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने पाठवले ते हे पथक. ‘फील्ड अॅम्ब्युलन्स’ म्हणजे जखमींना नेणारी गाडी नव्हे. आघाडीच्या मागोमाग हलणारे ते दवाखान्याचे अख्खे बिऱ्हाडच असते : डॉक्टर, तंबू, शस्त्रक्रियेची टेबले, औषधांच्या पेट्या, स्ट्रेचर उचलणारे जवान. रक्तस्राव थांबवायचा, तुटलेले हाड बांधायचे, तातडीची शस्त्रक्रिया करायची आणि पुढचा प्रवास झेपेल इतके सावरून जखमीला मागच्या रुग्णालयाकडे रवाना करायचे, हे त्याचे काम.

पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे पॅराशूटने उडी मारणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी एक. नोव्हेंबर १९५० मध्ये पथक पुसान (आजचे बुसान) बंदरात उतरले आणि उत्तरेला प्योंगयांगपर्यंत गेले. तोवर चिनी फौजा युद्धात उतरल्या होत्या आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत माघार सुरू झाली. पथकाजवळ वाहने नव्हती. सामान तिथेच टाकून निघायची वेळ आली. पण सामानाविना वैद्यकीय पथक म्हणजे नुसती माणसे, हे रंगराज ओळखून होते. त्यांनी एक वाफेचे इंजिन आणि काही डबे शोधून काढले. जवानांनी रांग लावून हातोहात बादल्या पुढे सरकवल्या आणि बॉयलर भरला. इंजिन चालवता येणारी माणसे पथकातच निघाली. पूल उडवला जाण्यापूर्वी गाडी नदीपार झाली. पुढच्या सगळ्या सेवेचा पाया या गाडीतून वाचलेल्या पेट्यांनी घातला, असे म्हणायला हरकत नाही.

यानंतर पथकाची विभागणी झाली. एक भाग २७ व्या राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर आघाडीवर राहिला. दुसरा मेजर एन. बी. बॅनर्जी यांच्या हाताखाली तेगूला थांबून दक्षिण कोरियाच्या जखमी सैनिकांवर आणि युद्धाने बेघर झालेल्या नागरिकांवर उपचार करू लागला. आघाडीवरच्या कामाचा गाजावाजा अधिक झाला, पण तेगूचे कामही तितकेच मोलाचे होते.

२३ मार्च १९५१ रोजी अमेरिकेच्या १८७ व्या हवाई रेजिमेंटने सोलच्या उत्तरेस मुन्सान-नी येथे उड्या घेतल्या (‘ऑपरेशन टॉमहॉक’). त्यांच्याबरोबर रंगराज यांच्यासह या पथकाचे १२ जण उतरले. जखमी माघारी येण्याची वाट न पाहता डॉक्टरच जखमींपाशी पोहोचले होते. छत्रीधारी वैद्यकीय पथक कशासाठी असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

युद्धकाळात पथकाने सुमारे २,३०० शस्त्रक्रिया केल्या. एकूण रुग्णसंख्या दोन लाखांच्या आसपास सांगितली जाते. रंगराज व बॅनर्जी यांना महावीरचक्र मिळाले, इतर काहींना वीरचक्र. १९५३ च्या युद्धबंदीनंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी ‘कस्टोडियन फोर्स इंडिया’ कोरियात आले, त्याचे सेनापती मेजर जनरल एस. पी. पी. थोरात मराठी होते. पथक या दलाच्या सेवेत राहिले आणि १९५४ मध्ये मायदेशी परतले. रंगराज यांनी पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत अफगाणिस्तानात काम केले.

आग्र्याचे हे पथक आज ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाते. फेब्रुवारी २०२३ मधील भूकंपानंतर ‘ऑपरेशन दोस्त’मध्ये त्याने तुर्कस्तानातील इस्केंदरून येथे ३० खाटांचे रुग्णालय उभारले.