बिल चुकलं की दर चुकला? तक्रार आणि हरकत यांतला फरक

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या ओळखीचे एक काका राहतात. घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घरातले तीन जुने पंखे काढून बीएलडीसी पंखे बसवले. जुना पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास खातो, नवा तिसाच्या. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, तिघांचे मिळून अठ्ठेचाळीस. युनिट खरोखर घटले, पण बिल काकांच्या मनासारखं उतरलं नाही. मग त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, ‘स्थिर आकार फार आहे, कमी करावा’ (स्थिर आकार म्हणजे युनिट कितीही जळोत, दर महिन्याला लागणारी ठरावीक रक्कम), आणि वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात देऊन आवकचा शिक्का घेतला.

“तक्रार दिली की ओ मी. आता बघू.”

अडचण एवढीच की ही तक्रार नव्हतीच. ही हरकत होती आणि तिचा पत्ता वेगळा.

साध्या भाषेत सांगायचं तर ठरलेला नियम तुमच्या बाबतीत चुकीचा लावला गेला, तर ती तक्रार. समजा रीडिंग न घेता तीन महिने सरासरी बिल आलं, मीटर जोरात पळतोय, घरगुती जोडणीला व्यापारी दर लावला, किंवा पैसे भरूनही नवी जोडणी मिळेना. इथे भांडण तुमच्या एकट्याच्या ग्राहक क्रमांकाचं असतं. आधी कंपनीकडे दाद मागायची, तिथे भागलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. विद्युत कायदा 2003 च्या कलम 42 नुसार प्रत्येक वितरण कंपनीला असा मंच स्थापन करावाच लागतो. महावितरणच्या रचनेत सोलापूर मंडळ बारामती परिमंडळात येतं, हे माहीत असलेलं बरं. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत मंचाकडे पोचायला हवं. वीजचोरीचा आरोप (कलम 135) किंवा अनधिकृत वापराची आकारणी (कलम 126) असेल तर मंच हात वर करतो. ती वाट निराळी.

हरकतीत नियम बरोबर लावलेला असतो. तुमचं म्हणणं असतं की नियमच बरोबर नाही.

स्थिर आकार किती, 0 ते 100 युनिटला काय दर, 101 ते 300 ला काय, हे उपविभागातले साहेब ठरवत नाहीत. बारामतीचे किंवा मुंबईचे साहेबही नाहीत. ते ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. कंपनी आयोगापुढे याचिका ठेवते. त्यात वीज खरेदीला किती, दुरुस्तीला किती, कर्जाच्या व्याजाला किती आणि हे सगळं भरून काढायला दर किती, याचा हिशेब असतो. याचिकेची जाहिरात पेपरात येते आणि कलम 64 नुसार लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश काढावा लागतो. ही हरकत तुम्ही-आम्ही कुणीही घेऊ शकतो. कंपनीला तिचं उत्तर द्यावं लागतं आणि आदेशात हरकत, कंपनीचं उत्तर, आयोगाचं मत असं एकाखाली एक छापून येतं. ‘दर कमी करा हो’ एवढंच लिहिलं तर तेही छापून येतं, पण त्याने काही हलत नाही.

हलतं ते आकड्याने. शेतीपंपांचंच घ्या. कितीतरी पंपांना मीटर नाही, त्यामुळे शेतीला गेलेली वीज अंदाजाने धरतात. हा अंदाज फुगला की गळती आपोआप कमी दिसते, कारण हरवलेली वीज शेतीच्या खात्यावर जाते. हे पकडायचं तर फीडरवार, म्हणजे भागाला वीज पुरवणाऱ्या एकेका वाहिनीचे, आकडे घेऊन बसावं लागतं. माग सांभाळणाऱ्याला तेवढी फुरसत कुठली? म्हणून कलम 94 मध्ये सोय आहे: ग्राहकांच्या वतीने बाजू मांडायला आयोग कुणालाही अधिकृत प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात पुण्याची प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत या संस्थांनी हे काम केलं आहे, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजक संघटनांनीही. सोलापूरच्या यंत्रमागाचं दुखणं मात्र सोलापूरकरानेच सांगितलेलं बरं. मागाचं चक्र दिवसात कधी चालतं, कधी थांबतं, हे पुण्यात बसून कळत नाही.

आता काकांच्या पंख्यांकडे. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने लागतो. 101 वं युनिट पडलं की सगळी शंभर महाग होतात, हा गैरसमज अजून गल्लोगल्ली आहे; तसं होत नाही. त्यामुळे वाचलेली युनिट वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून कमी होतात. बचतीला हे पोषक. स्थिर आकार मात्र पंखा बदलो न बदलो, तेवढाच. त्याचा वाटा वाढवत नेला तर काटकसर करणाऱ्याच्या हाती कमी उरतं. कंपनीचीही बाजू आहे. आपल्या फताटेवाडीजवळच्या एनटीपीसी या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या 1320 मेगावॉटच्या प्रकल्पासारख्या ठिकाणाहून वीज घेण्याचा करार केला की, प्रकल्प वीज द्यायला तयार असेल तर ती उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावे लागतात. (या प्रकल्पाचा दर राज्याचा आयोग नाही, दिल्लीचा केंद्रीय आयोग ठरवतो. प्रकल्प आपल्या दारात असला तरी.) तेव्हा हा बोजा स्थिर आकारात किती आणि युनिटच्या दरात किती, हाच वादाचा मुद्दा. तो मांडायची जागा म्हणजे आयोगापुढची जनसुनावणी. मंचापुढे तो मांडला तर मंच म्हणेल, दर आयोगाने मंजूर केलाय, आम्ही काय करणार.

गोंधळाचं मूळही इथेच आहे. मंचाने कसं चालावं याचे नियम आयोगच करतो. त्यामुळे लोकांना वाटतं दोन्ही एकच ऑफिस. वर वेळेचा हिशेबही उलटा: तक्रारीला दोन वर्षं हातात असतात, हरकतीला जाहिरातीत छापलेली शेवटची तारीख. ती चुकली की पुढच्या याचिकेपर्यंत गप्प.

काकांना हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बिल पुढे केलं आणि ‘वीज शुल्क’ या ओळीवर बोट ठेवलं. घरगुती बिलावर 16 टक्के. हे कुणाकडे?

म्हटलं, हे ना मंचाकडे ना आयोगाकडे, हा राज्य सरकारचा कर. आणि मागाच्या बिलात जी सवलत दिसते तीही सरकारची, आयोगाची नाही.

काकांनी चष्मा काढला. “म्हणजे तिसरा अर्ज?”