हिरवी चमक, लाल काच

मावशीची दवाखान्याची फाईल अजून आमच्याकडे आहे. खाकी पुठ्ठ्याची, नाडीनं बांधायची. मावशीला लुपस होता, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते तो आजार. फाईलमधला सगळ्यात जुना रिपोर्ट १९८४चा. टाइपरायटरवर ठोकलेली एकच ओळ: एलई सेल दिसल्या नाहीत. त्याआधी दीड वर्ष लालबागमधल्या एका दवाखान्यात तिच्यावर संधिवाताचे उपचार चालले होते आणि गालांवरचा चट्टा उन्हाचा म्हणून मलमावर काढला होता. पुढचा महत्त्वाचा कागद १९९१चा, त्यावर ‘एएनए पॉझिटिव्ह’. तिथून डीएसडीएनए ही अँटिबॉडी आणि सी३, सी४ ही रक्तातली संरक्षक प्रथिनं यांचे आकडे सुरू होतात ते शेवटपर्यंत.

फाईल पुन्हा काढायला निमित्त झालं एका फॉरवर्डचं. ‘रक्ताच्या एका थेंबात आजार ओळखणारी नॅनो चिप’ ही बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि घरातलं कुणीतरी विचारतं, मग लुपसची तपासणी अजून एवढी घोळाची का? उत्तर द्यायचं तर दोन इतिहास सांगावे लागतात. एक वैद्यकाचा, जो मुंबईत परळला येऊन टेकतो. दुसरा सेमीकंडक्टरच्या, म्हणजे ज्यापासून चिप बनते तसल्या पदार्थांच्या, अतिसूक्ष्म कणांचा, जो पवई, कुलाबा आणि ट्रॉम्बेत विखुरलेला आहे. दोघांची पहिली गाठ पडली १९९८मध्ये.

‘लुपस’ म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहरा लांडग्यानं कुरतडल्यासारखा दिसतो म्हणून युरोपात चेहऱ्यावरच्या नाना जखमांना हे नाव देत. त्वचेचा क्षयही त्यातच मोजला जाई. पॅरिसच्या काझनाव्हनं १८५१मध्ये लाल चट्ट्यांचा प्रकार वेगळा काढला. १८७२मध्ये व्हिएन्नाच्या कापोसीनं दाखवलं, की हे दुखणं कातडीपुरतं थांबत नाही, आतले अवयवही धरतं. पण निदान म्हणजे डॉक्टरची नजर, एवढंच. रक्तात काही शोधायचं असतं हे कळायला १९४८ उजाडलं.

त्या वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लुपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली. पांढऱ्या पेशीनं दुसऱ्या एका पेशीचं केंद्रकच गिळलेलं, आणि त्या जांभळट गोळ्यानं तिचं स्वतःचं केंद्रक पार कडेला दाबलेलं. हीच एलई सेल. पुढे ती साध्या रक्तातही शोधता येऊ लागली. जुन्या पॅथॉलॉजिस्टना ही कसरत आठवत असेल: रक्त गोठू द्यायचं, गुठळी जाळीतून रगडून काढायची, फिरवून वरचा पांढरा थर घ्यायचा, तो काचपट्टीवर पसरून रंगवायचा आणि मग पाऊण-एक तास डोळे फोडत बसायचं. एवढं करूनही लुपस असलेल्या अनेकांत ती सापडत नसे. मावशीच्या पहिल्या कागदावरची ओळ खोटी नव्हती. एलई सेल दिसल्या नव्हत्या, आजार होता.

पुढची पायरी वेगळ्याच वाटेनं आली. हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अँटिबॉडीला चमकणारा रंग चिकटवून दाखवला. रंग फ्लुओरेसिन, निळ्या प्रकाशात तो पोपटी हिरवा उजळतो. १९५७च्या सुमारास फ्रिऊ यांनी हीच युक्ती लुपसवर वापरली. रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव, पेशींवर ओतायचं; त्यात केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी असतील तर त्या जाऊन चिकटतील; वरून चमकता रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी सोडली की केंद्रकं दिव्यासारखी लागतील. ही एएनए तपासणी. त्याच वर्षी काही प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की या रुग्णांच्या रक्तात थेट डीएनएविरुद्ध अँटिबॉडी असतात. १९६६मध्ये टॅन आणि कुंकेल यांनी या अँटिबॉडींचं ‘एसएम’ नावाचं आणखी एक लक्ष्य शोधलं. हे नाव ज्या रुग्णाच्या सीरमवर काम झालं तिच्या आडनावावरून पडलंय. रिपोर्टवर दोन अक्षरं उरली, बाई विस्मरणात गेली.

पेशी कुठल्या वापरायच्या? आधी उंदरांच्या यकृताचे काप असत, मग माणसाच्या घशाच्या कर्करोगातून आलेल्या म्हणून ‘हेप-२’ पेशी आल्या. जनुकीय तपासणीत त्या प्रत्यक्षात हेला पेशी निघाल्या. म्हणजे १९५१मध्ये बाल्टिमोरला वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या. आजही हेप-२ची पट्टी घेऊन एएनए करणारी मुंबईतली प्रत्येक लॅब त्यांच्याच पेशी बघत असते. डीएसडीएनएची, म्हणजे दुपेडी डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीची, खात्री करायला तर माश्यांच्या आतड्यात राहणारा क्रिथिडिया हा एकपेशीय जीव लागतो, कारण त्याच्या पोटातल्या एका ठिपक्यात निव्वळ दुपेडी डीएनएची गुंडाळी असते. ही युक्ती १९७५ची.

परळमध्ये हे सगळं रुजायला जमीन तयार होती. याच शहरात १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. ओ गटाच्या रक्तातही असणारा एच हा घटकच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. अँटिबॉडीच्या भरवशावर रक्तातली ‘नसलेली’ गोष्ट ओळखण्याचं याहून नेटकं उदाहरण मला तरी माहीत नाही. १९५७मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढलं. तेच वाढत आज परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था झालं आहे, आणि भारतीय लुपस रुग्णांमधल्या ऑटोअँटिबॉडींवरचं, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या अँटिबॉडींवरचं, संशोधन तिथून बरीच वर्षं प्रसिद्ध होत आलं आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून सगळे ‘एनआयआयएच’च म्हणतात.

एएनए वाचताना कधी जवळ उभं राहिलात तर एक गोष्ट लक्षात राहते. खोली अंधारी, पडदा ओढलेला. टेक्निशियन भिंग फिरवते आणि काळ्या पाटीवर हिरवी केंद्रकं उमटतात. कुठे सलग, कुठे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, कुठे नुसती कडा. ठिपक्यांना ‘स्पेकल्ड’ म्हणायचं, सलगला ‘होमोजिनियस’. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, १:४०, १:८०, १:१६०, आणि चमक विझण्याआधीचं शेवटचं प्रमाण ‘टायटर’ म्हणून लिहायचं. आणि हे सगळं भराभर, कारण दिव्याखाली ठेवलेला फ्लुओरेसिन बघता बघता फिका पडतो. एकाच जागी रेंगाळलात तर तेवढीच जागा काळवंडते. म्हातारी माणसं नव्या साडीला ऊन लागू देत नाहीत, तशी या काचपट्टीला प्रकाश लागू देत नाहीत.

आता दुसरा इतिहास. तो लाल काचेपासून सुरू होतो.

जुन्या सिग्नलच्या दिव्यांना बसवलेली लाल काच अनेकदा कॅडमियम आणि सेलेनियम घालून केलेली असे. काच किती तापवली, किती वेळ तापत ठेवली यावर तिचा रंग पिवळ्याकडून लालाकडे सरकतो, हे कारागिरांना ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं. लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह यांनी कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंशांवर, एक तासापासून ९६ तासांपर्यंत तापवून बघितली. आतले स्फटिक २ ते ३० नॅनोमीटरचे निघाले (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि जेवढा स्फटिक लहान तेवढा तो शोषत असलेला प्रकाश निळ्याकडे सरकलेला. हे १९८१चं. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की सूर चढतो, तसाच हा प्रकार: इलेक्ट्रॉनला हिंडायला जागा कमी पडली की त्याची ऊर्जा चढते. पदार्थ तोच, माप बदललं की रंग बदलतो.

एकिमोव्ह यांचा लेख सोव्हिएत नियतकालिकात. अमेरिकेत बेल लॅबमध्ये लुई ब्रूस यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी द्रावणात बनवलेले कॅडमियम सल्फाइडचे कण टेबलावर तसेच राहून गेले आणि त्यांचे प्रकाशाचे गुण बदलले. कण वाढून मोठे झाले असावेत हे त्यांनी ओळखलं, ४.५ आणि १२.५ नॅनोमीटरच्या कणांची तुलना केली, आणि १९८३मध्ये तोच नियम स्वतंत्रपणे मांडला. पण हवे तेवढ्या मापाचे, एकसारखे कण करणं जमेना. ते १९९३मध्ये एमआयटीत मुंगी बावेंडी यांच्या गटाला जमलं: गरम द्रावणात कच्चा माल एकदम टोचायचा, सगळे स्फटिक एकाच क्षणी धरतात, मग आच सांभाळून वाढवायचे. पाक एकतारी की दोनतारी हे ज्याला कळतं त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. तिघांना मिळून २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नावं घोषणेच्या काही तास आधीच चुकून फुटली होती.

गाठ पडली ती अशी. सप्टेंबर १९९८मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन लेख आले, एक अ‍ॅलिव्हिसॅटोस यांच्या गटाचा, दुसरा चॅन आणि नी यांचा. दोघांनी हे कण पाण्यात विरघळतील असे करून जैविक खूण म्हणून वापरले. चॅन आणि नी यांच्या मोजणीत ते रोडामीन या नेहमीच्या रंगाच्या २० पट तेजस्वी होते आणि उजेडात १०० पट टिकत होते. फिका न पडणारा रंग! अंधाऱ्या खोलीत घाईनं काचपट्ट्या वाचणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय हा कण आणि अँटिबॉडी मापानं जवळपास एका पंगतीतले, काही नॅनोमीटरचे.

मुंबईत हे काम एकाच ठिकाणी झालं असं नाही. १९६२पासून कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम नायट्राइड या सेमीकंडक्टरचे अणूंच्या मापाचे थर वाढवले जातात. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनच्या झोतानं कॅडमियम सेलेनाइडचे कण घडवण्याचे प्रयोग झाले. पवईत आयआयटीत २००६पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उभं राहिलं, बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेच्या जोडीनं. तिथल्या गटानं पॉलिमरच्या केसाहून बारीक पट्ट्यांवर अँटिबॉडी बसवून हृदयविकाराच्या खुणा पकडण्याचं काम केलं: रेणू चिकटला की पट्टी किंचित वाकते आणि तिच्यातला विद्युत रोध बदलतो. त्याच तंत्रातून पुढे स्फोटकं हुंगणारी उपकरणंही निघाली.

मग परळच्या अंधाऱ्या खोलीत अजून फ्लुओरेसिनच का? कॅडमियम विषारी, हे एक कारण; पण तेवढं कारण पुरेसं नाही, काचपट्टी काही कुणी खात नाही. खरी अडचण म्हणजे स्पेकल्ड, होमोजिनियस, १:८० हे सगळं वाचन फ्लुओरेसिनवर बसवलेलं आहे. रंग बदलला तर सगळी मोजपट्टी पुन्हा आखायची. वर हे कण नको तिथे चिकटतात. आणि तोवर एलईडी दिवे आणि कॅमेरे आले, फोटो निघाल्यावर रंग उडाला तरी कुणाचं अडत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि नॅनो चिपच्या बातम्या नेमकी तीच गाळतात. हृदयाचा स्नायू मेला की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं. जेवढं बारीक मोजाल तेवढं लवकर कळेल. लुपसमध्ये असा सरळ हिशोब नाही. टॅन यांनी १९९७मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना घेऊन निरोगी माणसांची एएनए पाहिली. १:४०ला ३१.७ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८०ला १३.३ टक्के, १:१६०ला ५ टक्के. इथे यंत्र अधिक तल्लख करून काय मिळणार? लॅबबाहेर रांग वाढेल. उलट बाजूनं २००३चा अभ्यास बघा. अमेरिकी लष्कराच्या साठ्यात जपलेली जुनी सीरम काढून तपासली, तर पुढे लुपस झालेल्या १३० जणांपैकी ११५ जणांत निदानाच्या आधीच कुठली ना कुठली ऑटोअँटिबॉडी होती, काहींत नऊ वर्षांहून आधी. म्हणजे खूण आधीपासून असते, पण ती असलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही.

तरी जुनी तपासणी टाकाऊ नाही. बेलिमुमॅब या औषधाची मधल्या टप्प्यातली चाचणी फसली होती. नंतर लक्षात आलं, की घेतलेल्या रुग्णांतले सुमारे ७१ टक्केच चाचणीत शिरताना एएनए किंवा डीएसडीएनएला पॉझिटिव्ह होते, आणि औषध त्यांच्यातच लागू पडत होतं. पुढच्या चाचण्या फक्त अशांवर घेतल्या आणि २०११मध्ये औषध मंजूर झालं, लुपससाठी पन्नासहून अधिक वर्षांनी आलेलं पहिलं नवं औषध. हे औषध वाचवलं ते १९५७च्या तपासणीनं. लुपसच्या वर्गीकरणाच्या २०१९च्या निकषांतही पहिलं दार तेच ठेवलंय: एएनए १:८० किंवा वर असेल तरच पुढचे गुण मोजायचे.

नव्या खुणांचा शोध आता दोन दिशांनी चाललाय. एक, इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंशी लढताना शरीर सोडतं तो रेणू: लुपसमध्ये तो वाढतो हे १९७९मध्ये दिसलं होतं, २००३मध्ये जनुकांच्या पातळीवर त्याचा ठसा सापडला, आणि २०२१मध्ये त्यावर नेम धरणारं अ‍ॅनिफ्रोलुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. दोन, लघवीतली प्रथिनं, जेणेकरून मूत्रपिंडाला सूज आहे का हे बघायला दर वेळी सुई खुपसून तुकडा काढावा लागू नये. नॅनोकणांचा खरा उपयोग झाला तर तो इथे होईल, असं माझं मत आहे. लघवीत हे रेणू थोडे असतात आणि एकच मोजून भागत नाही, चार-पाच एकदम लागतात. वेगवेगळ्या मापाचे कण एकाच दिव्याखाली वेगवेगळ्या रंगांत उजळतात, ते इथे कामी येतं.

मावशीच्या फाईलमधला शेवटून तिसरा कागद मी वेगळा काढून ठेवलाय. डीएसडीएनए चांगलाच चढलेला, सी३ उतरलेला, म्हणजे कागदावर तरी आजार उसळलेला; दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल. खाली डॉक्टरांच्या अक्षरात: तब्येत ठीक, औषध तेच, तीन महिन्यांनी या. त्या दिवशी परतताना ती भाऊच्या धक्क्यावर उतरली आणि पापलेटच्या भावावरून कोळणीशी अर्धा तास भांडली.