खांद्याच्या अस्थिरतेवरील शस्त्रक्रिया

खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचे गोल डोके पात्याच्या उथळ खोबणीवर फिरते. खोबण डोक्याच्या मानाने बरीच लहान असल्यामुळे हात सर्व दिशांना मोकळा फिरतो. मात्र सांध्याचे स्थैर्य मुख्यतः खोबणीच्या कडेचे लेब्रम नावाचे तंतुमय कडे, संधिकोश (सांध्याभोवतीचे आवरण), अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू यांच्यावर अवलंबून राहते. हे आधार फाटले किंवा सैल पडले, की खांदा वारंवार निखळतो अथवा निखळण्याच्या बेतात येतो. निखळण्याच्या दहापैकी नऊहून अधिक घटनांत डोके पुढच्या बाजूला सरकते. कोवळ्या वयात, विशेषतः अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्यांमध्ये, ते पुन्हा निखळण्याची शक्यता फार असते आणि शस्त्रक्रियेचा विचारही तेथे लवकर केला जातो.

पुढच्या बाजूने खांदा निखळताना लेब्रम बहुधा खोबणीच्या पुढील-खालील कडेपासून सुटते. या इजेचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक पेर्थेस यांनी 1906 मध्ये केले होते. नाव मात्र रूढ झाले ते 1923 मध्ये त्याविषयी लिहिणाऱ्या ब्रिटिश शल्यचिकित्सक बँकार्ट यांचे. बँकार्ट दुरुस्तीत सुटलेले लेब्रम व सैल संधिकोश ओढून घेऊन, हाडात बसवलेल्या अँकर नावाच्या बारीक खुंट्यांच्या टाक्यांनी कडेला पुन्हा जोडतात. आज ही दुरुस्ती बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते. छेद लहान असणे रुग्णाला सुखावह असले, तरी यशापयश ठरवणारी बाब ती नव्हे. बर्कहार्ट व डी बीअर यांनी 2000 मध्ये दुर्बिणीतून केलेल्या 194 दुरुस्त्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात हाडाची मोठी झीज नसलेल्या रुग्णांपैकी 4 टक्क्यांत अस्थिरता परतली, तर मोठी झीज असलेल्यांत हे प्रमाण 67 टक्के होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआयबरोबर सीटी स्कॅन करून खोबणीचे किती हाड उरले आहे, हे मोजणे महत्त्वाचे ठरते.

खोबणीच्या रुंदीपैकी सुमारे 20 ते 25 टक्के हाड गेले असल्यास केवळ मऊ ऊती शिवणे सहसा पुरत नाही. अशा वेळी फ्रेंच शल्यचिकित्सक लातार्जे यांनी 1954 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया करतात. तीत पात्याच्या पुढे आलेल्या कोराकॉइड या आकड्यासारख्या हाडाचा तुकडा त्याला चिकटलेल्या स्नायुबंधांसह कापून, पात्याच्या पुढील बाजूच्या सबस्कॅप्युलॅरिस स्नायूच्या तंतूंमधून पुढे नेऊन खोबणीच्या कडेवर साधारणतः दोन स्क्रूंनी बसवतात. त्यामुळे खोबण रुंदावते आणि हात वर उचलून बाहेर वळवला असता तेच स्नायुबंध पट्ट्याप्रमाणे डोक्याला पुढून अडवतात. चेता दुखावणे, तुकडा न जुळणे किंवा विरघळणे, स्क्रू सैल होणे हे धोके येथे आहेत. कोराकॉइड पुरेसे नसेल किंवा ही शस्त्रक्रिया आधीच फसली असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडा वापरतात.

दंडाच्या हाडाच्या डोक्याच्या मागील बाजूस पडणाऱ्या खोलगट इजेला, 1940 मध्ये तिचे वर्णन करणाऱ्या क्षकिरणतज्ज्ञांवरून, हिल-सॅक्स इजा म्हणतात. ती खोबणीच्या कडेत अडकण्याजोगी असेल, तर रेम्प्लिसाज पद्धतीने पात्याच्या मागील बाजूच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूचा बंध त्या खड्ड्यात शिवतात. बहुधा बँकार्ट दुरुस्तीच्या जोडीनेच. हात बाहेर वळवण्याची क्षमता त्यामुळे थोडी घटू शकते. पूर्वीच्या पुट्टी-प्लॅट शस्त्रक्रियेत पुढचे स्नायू मुद्दाम आखडले जात. खांदा निखळणे थांबे, पण आखडलेल्या सांध्यात पुढे झीज होत असल्याने ती पद्धत मागे पडली.

मागच्या बाजूने खांदा निखळणे विरळ असून ते अनेकदा अपस्माराच्या झटक्यात किंवा विजेच्या धक्क्याने घडते. सर्व दिशांना सैल असलेल्या खांद्यासाठी मात्र आधी कित्येक महिने व्यायामोपचार करतात. त्याने भागले नाही, तरच नीअर व फॉस्टर यांनी 1980 मध्ये वर्णिल्याप्रमाणे संधिकोश दुमडून घट्ट करतात.

शस्त्रक्रियेनंतर हात काही आठवडे झोळीत ठेवून हालचाली टप्प्याटप्प्याने वाढवतात. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत परतण्यास सर्वसाधारणपणे चार ते सहा महिने, काही वेळा त्याहूनही अधिक काळ लागतो.